ब्रेक आधी, बूस्टर नंतर

शेवरोले सी-१० हा पिकअप अमेरिकेत १९६० साली आला. शेतावर आणि बांधकामावर राबण्यासाठी बनवलेली ही गाडी आता बहुतेक करून हौशी मंडळींच्या गॅरेजमध्ये असते. ते तिला तगडं व्ही-८ इंजिन बसवतात, नवा रंग देतात. मग हायवेवर पुढची गाडी अचानक थांबली, की कळतं : पळण्याची सोय झाली, थांबण्याची राहूनच गेली. अशा वेळी सगळे एकच सल्ला देतात, 'पॉवर ब्रेक बसव.' हा सल्ला मला अपुरा वाटतो. जुन्या पिकअपच्या ब्रेकची कामं मांडली, तर पॉवर ब्रेकच्या बूस्टरचा नंबर तिसरा लागतो.

पहिलं काम मास्टर सिलेंडरचं. १९६६ पर्यंतच्या सी-१० मध्ये चारही चाकांचं ब्रेक ऑइल एकाच कप्प्यातून जातं. कुठलाही एक पाइप फुटला, एका चाकाचा सिलेंडर गळला, की चारही ब्रेक गेले. १९६७ च्या मॉडेलपासून पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळे कप्पे आले. त्याआधीच्या गाडीवर एक रुपया खर्च करायचा असेल, तर तो आधी इथे करावा.

दुसरं काम पुढच्या डिस्कचं. ब्रेक मारला की गाडीचा भार पुढे येतो, म्हणून थांबवण्याचं बरंचसं काम पुढची चाकंच करतात. ड्रम लांबच्या उतारावर तापतो, फुगून लायनरपासून दूर सरकतो. लायनरची पकडही सुटते आणि पेडल खाली जाऊ लागतं. तिथे बूस्टरने कितीही जोर लावला तरी तो फुकट जातो. सी-१० ला पुढच्या डिस्क १९७१ पासून कारखान्यातूनच मिळू लागल्या. १९६७ ते १९७० च्या गाडीवर त्या बसवण्यासाठी लोक १९७१-७२ चा पुढचा सगळा जोड आर्मसकट उचलतात. मात्र आधीच्या चाकांना सहा बोल्ट आणि या चाकांना पाच. मागचा अॅक्सल तसाच ठेवला, तर स्टेपन्या दोन बाळगाव्या लागतात!

आता बूस्टर. पत्र्याच्या या डब्यात रबरी पडदा असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंची हवा इंजिन ओढून घेतं. पेडल दाबलं की मागच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढे ढकलते. ११ इंची पडद्याचं क्षेत्रफळ सुमारे ९५ चौरस इंच. पेट्रोल इंजिनचं १८ इंच व्हॅक्यूम धरलं, तर कागदावर हा जोर ८०० पौंडांच्या वर, म्हणजे पावणेचारशे किलोंच्या आसपास जातो.

एवढा जोर आल्यावर बाकीची मापं बदलावीच लागतात. साध्या ब्रेकचं पेडल पायाचा जोर साधारण सहापट करतं, पॉवर ब्रेकला चौपट पुरतो. जुनं पेडल तसंच ठेवलं, तर पाय नुसता टेकताच चाकं अडतात. मास्टर सिलेंडरचंही तेच. १ इंचाऐवजी नऊ सूत, म्हणजे एक पूर्णांक एक अष्टमांश इंचाचा घेतला, तर पिस्टनचं क्षेत्रफळ २७ टक्क्यांनी वाढतं आणि त्याच जोरात दाब पाचव्या हिश्श्याने घटतो. बूस्टर नसताना मोठा सिलेंडर लावला, तर पेडल दगडासारखं लागतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बूस्टरमधून मास्टर सिलेंडरमध्ये जाणाऱ्या छोट्या दांडीपाशी. ती किंचित लांब राहिली, की पिस्टन पूर्ण मागे येत नाही आणि ऑइल परतण्याचं बारीक भोक झाकलेलं राहतं. तापलेलं ऑइल फुगतं, जायला जागा नसते, ब्रेक आपोआप धरू लागतात आणि काही मैलांत चाकं जाम होतात. तपासणी सोपी आहे. टाकीचं झाकण काढावं, डोळ्यांवर चष्मा ठेवावा आणि कुणाला तरी पेडल अगदी हळू दाबायला सांगावं. सुरुवातीलाच ऑइलची बारीक उसळी वर आली तर दांडी ठीक. काहीच हललं नाही, तर ती लांब असल्याचा संशय घ्यावा.

बूस्टरची खरी ताकद बाहेरच्या हवेची. डेन्व्हरसारख्या सुमारे १,६०० मीटर उंचीवरच्या शहरात हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा जवळजवळ सहाव्या हिश्श्याने कमी, त्यामुळे तोच बूस्टर तिथे दुबळा पडतो. जास्त ताकदीचा कॅमशाफ्ट घातलेल्या इंजिनचंही व्हॅक्यूम कमी असतं. आपल्याकडच्या डिझेल पिकअपची तऱ्हा वेगळी. डिझेल इंजिन पुरेसं व्हॅक्यूम देत नाही, म्हणून वेगळा पंप लागतो. अनेक गाड्यांत तो अल्टरनेटरच्या मागेच जोडलेला असतो. डिझेल वाचवायला इंजिन बंद करून घाट उतरणाऱ्याने हे नीट लक्षात घ्यावं. बूस्टरमधला साठा दोन-तीन वेळा पेडल दाबण्यापुरता. त्यानंतर भरलेली गाडी नुसत्या पायाच्या जोरावर थांबवायची असते.

सगळं जोडून पाइपांतली हवा काढली, तरी मागच्या ब्रेकचा हिशेब राहतो. रिकाम्या पिकअपचा मागचा भाग हलका, त्यामुळे ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी अडतात आणि गाडी फिरते. त्यासाठी मागच्या पाइपवर दाब कमी-जास्त करता येणारा व्हॉल्व्ह बसवतात. मोकळ्या मैदानात, आधी कमी वेगात, जोरात ब्रेक मारून पाहावं आणि मागची चाकं पुढच्यांच्या आधी अडणार नाहीत इतपत तो फिरवावा. ही चाचणी हौद्यात माल नसतानाच घ्यावी.