सरवा वेचणारी रूथ

मंडळीच्या तरुण संघात मी बायबलमधल्या स्त्रिया शिकवतो. रूथ म्हटले की मुलांना एवढेच ठाऊक असते : विधवा झाल्यावरही सासूला, नामीला, न सोडणारी आज्ञाधारक सून. उपदेशांतून ती तशीच येते. मी मात्र दुसऱ्या अध्यायापासून सुरुवात करतो. तिथे ती बेथलेहेमच्या शेतात सरवा वेचते. हा शब्द आमच्या पोरांना कोशात पाहावा लागत नाही. घरातला पहिला पदवीधर मी. माझी आजी दुसऱ्याच्या रानात सरवाच वेचायची.

पण फरक आहे. लेवीय १९ प्रमाणे शेताचे कोपरे आणि सांडलेले धान्य गरिबांसाठी व परक्यांसाठी सोडणे मालकावर बंधनकारक होते. ती भीक नव्हती, हक्क होता. तरीही शेतमालक बवाजाला गड्यांना बजावावे लागले, हिला हात लावू नका. का बजावावे लागले, ते मुली लगेच ओळखतात.

नामीला मार्गदर्शक म्हणतात. नातलगाच्या हक्काचा रिवाज तिला पाठ होता, हे खरे. पण रात्री खळ्यावर जाण्याचा धोका पत्करला तो रूथने. मुली याबद्दल विचारतात. त्यांना गप्प बसवू नये.

आणि रूथ मवाबी. अनुवाद २३ मवाब्याला दहाव्या पिढीपर्यंतही परमेश्वराच्या मंडळीत येऊ देत नाही. मत्तय १ मध्ये मात्र दावीद राजाची ही पणजी येशूच्या वंशावळीत नावानिशी आहे. सोयरीक जुळवताना पूर्वीची जात विचारणाऱ्या घरांतली मुले समोर असली, की हे दोन अध्याय मी लागोपाठ वाचून घेतो.