दुय्यम नोकरवर्गाच्या शाळेपासून विद्यापीठापर्यंत

इसवी सन १८५३ च्या एप्रिल महिन्यात बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत आगगाडी धावली, आणि तिच्या पाठोपाठ रूळ घाट चढवून देशावर न्यावयाचे, कालवे खणावयाचे, नद्यांवर पूल घालावयाचे अशी कामे मुंबई इलाख्याच्या सरकारपुढे एकदम उभी राहिली, तेव्हा विलायतेहून आणविलेले इंजिनियर संख्येने थोडे व पगाराने भारी असल्यामुळे, त्यांच्या हाताखाली मोजणी करणारा, नकाशे उतरविणारा व कामावर देखरेख ठेवणारा एतद्देशीय दुय्यम नोकरवर्ग तयार करणे सरकारास भागच पडले. जुलै १८५४ मध्ये पुण्यास ‘पूना इंजिनियरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’ या नावाने जी शाळा निघाली, ती या निकडीचे अपत्य होय. काय शिकवावे, किती शिकवावे आणि शिकलेल्यास कोणत्या पायरीवर उभे करावे, हे ठरविण्याचा अधिकार या संस्थेकडे आरंभी नव्हता. तो तिच्या हाती पूर्णपणे येण्यास पुढे १६८ वर्षे लागली, आणि तिचा मागोवा घेऊ जाता मुख्यतः या अधिकाराच्या मंद वाटचालीचाच मागोवा घ्यावा लागतो.

पहिले पाऊल बारा वर्षांत पडले. १८६५ साली गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते शिवाजीनगरच्या बाजूस, मुळा-मुठेच्या संगमानजीक, नव्या इमारतीची कोनशिला बसली. सर कावसजी जहांगीर रेडीमनी यांनी देणगी दिली. आणि १८६६ मध्ये शाळेचे कॉलेज होऊन ते मुंबई विद्यापीठास संलग्न झाले. त्यामुळे ‘एल. सी. ई.’ ही सनद येथील विद्यार्थ्यास मिळू लागली खरी, परंतु परीक्षा मुंबईची, अभ्यासक्रम मुंबईचा आणि नोकरी पब्लिक वर्क्स खात्याची, अशी व्यवस्था असल्यामुळे धनी तेवढे वाढले. याच सुमारास प्रिन्सिपल म्हणून आलेले थिओडोर कुक यांनी १८९३ पर्यंत कॉलेजची धुरा वाहिली. वसईच्या लोखंडी पुलाच्या कामावर हात बसलेला हा आयरिश इंजिनियर वनस्पतिशास्त्रातही तितकाच मुरलेला होता, आणि त्याच्याच अमदानीत संस्था ‘कॉलेज ऑफ सायन्स’ बनून तिच्यात शेतकी व जंगल या विषयांचेही वर्ग भरू लागले. कुकसाहेबांचे नाव आज पुलांपेक्षा मुंबई इलाख्यातील वनस्पतींवर त्यांनी निवृत्तीनंतर लिहिलेल्या ग्रंथामुळेच अधिक घेतले जाते.

ज्या शाळेचा हेतू दुय्यम माणसे तयार करण्याचा, तिच्यातून १८८३ साली मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या हा म्हैसूर संस्थानच्या शिष्यवृत्तीवर आलेला विद्यार्थी पहिल्या क्रमांकाने बाहेर पडला, आणि मूळ हेतूची मर्यादा उघडी पडली. मुंबई सरकारच्या चाकरीत असताना १९०३ च्या सुमारास त्यांनी खडकवासल्याच्या धरणाच्या सांडव्यावर जे स्वयंचलित दरवाजे बसविले, त्यांची रचना मोठी मार्मिक होती: पाणी ठराविक पातळीच्या वर चढले की ते माणसाचा हात न लागता उघडत, आणि पूर ओसरला की आपोआप मिटत, त्यामुळे धरणाची भिंत न वाढविता साठा मात्र वाढला. ही युक्ती पुढे ग्वाल्हेरजवळच्या तिगरा धरणासही उपयोगी पडली. त्यांनी मुंबईची नोकरी सोडली, १९०९ मध्ये ते म्हैसूरचे मुख्य इंजिनियर झाले व १९१२ मध्ये दिवाण.

१९११ साली संस्थेस ‘कॉलेज ऑफ इंजिनियरिंग’ हे सुटसुटीत नाव मिळाले. पुढे यंत्र, वीज, दूरसंचार व धातुशास्त्र या शाखा क्रमाने निघाल्या, आणि खात्याच्या बांधकामापुरते असलेले शिक्षण कारखान्यांकडे वळले. १९२८ मध्ये नदीकाठी बोट क्लब स्थापन झाला; त्याचा ‘रेगाटा’ आजही पुणेकर हौसेने पाहतात, आणि पाण्यात बाणाच्या आकारात सरकणाऱ्या नावांची शिस्त पाहताना टाळ्यांचा कडकडाट होतो. स्वातंत्र्यानंतर पुणे विद्यापीठ निघाले व मुंबईचा अंमल संपून पुण्याचा सुरू झाला. विद्यार्थ्यांची झेप मात्र दूरवर जाऊ लागली. १९५६ चे दूरसंचार पदवीधर थॉमस कैलाथ अमेरिकेत स्टॅनफर्डला नामांकित प्राध्यापक झाले, तर सी. के. एन. पटेल यांनी १९६४ मध्ये कार्बन डायऑक्साइड लेसर निर्माण केला. दोघांचेही मोठे कार्य परदेशी प्रयोगशाळांत झाले, ही गोष्ट अभिमानाबरोबर विचारही करावयास लावते: पदवीपर्यंतचे शिक्षण पक्के होते, परंतु संशोधनाची सोय करण्याची मुभा आणि साधने संलग्न कॉलेजाच्या हाती बेताचीच असत.

ही मुभा रुडकीच्या इंजिनियरिंग कॉलेजाला १९४९ सालीच, विद्यापीठ होऊन, मिळाली. पुण्याला तिच्यासाठी अजून अर्ध्या शतकाहून अधिक वाट पाहावयाची होती. शासनाने नव्या शतकाच्या आरंभी स्वायत्तता दिली, तेव्हा अभ्यासक्रम आखण्याचा अधिकार प्रथमच संस्थेच्या दप्तरात आला, आणि त्याचे फळ लौकरच दिसले. विद्यार्थ्यांनीच वर्षानुवर्षे खपून एक किलोहूनही कमी वजनाचा ‘स्वयम्’ हा उपग्रह तयार केला, आणि २२ जून २०१६ रोजी तो इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ मधून, एकूण वीस उपग्रहांच्या तांड्यात, अंतराळात गेला. कुठल्याही खात्याने मागणी न केलेली ही वस्तू होती, यातच तिचे महत्त्व आहे. अखेर राज्याच्या कायद्याने २०२२ मध्ये संस्थेला तंत्रशास्त्र विद्यापीठाचा दर्जा मिळून पदवी देण्याचाही अधिकार तिचा झाला.

अधिकार आला तशी एक सबब गेली. आजवर अभ्यासक्रम जुनाट राहिला तर दोष मुंबईवर किंवा पुण्यावर, साधने अपुरी पडली तर मंत्रालयावर ढकलता येत असे. पैशाच्या बाबतीत सरकारचा आधार अद्याप लागतोच, परंतु काय शिकवावयाचे व कशाचा शोध घ्यावयाचा, या प्रश्नांची उत्तरे आता दुसऱ्या कोणाकडे मागण्याची सोय उरलेली नाही. सनदेवर मोहोर संस्थेचीच उमटणार असल्यामुळे, यापुढे जमेस जे लागेल ते तिचे आणि खर्ची जे पडेल तेही तिचेच.