ऑईलचा लाल दिवा : वायर काढू नका, कारण शोधा



पावसाळ्यात ट्रॅक्टरला काम थोडे. म्हणून पुष्कळजण त्या दिवसांत इंजिन खोलतात. गावचा मिस्त्री बोलावून घरच्या शेडमध्येच लायनर-पिस्टन, रिंगा, बेरिंग बदलून घेतात. त्यात गैर काही नाही. पैसे वाचतात आणि काम डोळ्यांसमोर होते. पण जोडणी झाल्यावर इंजिन चालू केले आणि ऑईलचा लाल दिवा विझलाच नाही, तर पुढे काय करायचे हे प्रत्येक वाहनधारक सभासदाला माहीत पाहिजे.

ऊस खात्याच्या माणसाने इंजिनावर कशाला लिहावे, असे कोणी म्हणेल. तोडलेला ऊस फडात पडून राहिला की वजन घटते, साखर उतरते. ऐन हंगामात ट्रॅक्टर बसला, तर नुकसान शेवटी उसाचेच होते.

दिवा काय सांगतो?

चेंबरमध्ये ऑईल किती आहे हे तो सांगत नाही. ऑईलला दाब आहे की नाही, एवढेच सांगतो. विहिरीत पाणी भरपूर, पण फूटव्हॉल्व्ह गळका असला तर मोटार नुसतीच फिरते, तसाच हा प्रकार. क्रँक आणि बेरिंग यांच्यात केसाच्या जाडीएवढी फट असते. दाबाने आलेले ऑईल त्या फटीत भरते आणि क्रँक त्या ऑईलवर फिरतो. दाब गेला की धातूवर धातू घासतो.

इंजिनच्या अंगावर ऑईलचा स्विच असतो. दाब नसताना तो वायरला बॉडीची अर्थ देतो आणि दिवा लागतो. दाब साधारण अर्ध्या किलोच्या आसपास चढला की अर्थ तुटते, दिवा विझतो. यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, चावी फिरवल्यावर, इंजिन चालू करण्याआधी, दिवा लागलाच पाहिजे. न लागल्यास बल्ब गेला असेल, वायर तुटली असेल किंवा स्विचच्या आट्यांवर टेप गुंडाळल्याने अर्थ मिळत नसेल. दुसरी, दिवा विझला म्हणजे भरल्या ट्रॉलीला पुरेल एवढा दाब आहे, असे नव्हे.

आमच्या गटातल्या एका सभासदाचा दिवा असाच विझेना. मिस्त्री म्हणाला, "स्विच गेलाय, वायर काढून टाका." वायर काढली, दिवा विझला, सगळ्यांना बरे वाटले. चौथ्या खेपेला खालून ठोका यायला लागला आणि वजनकाट्याच्या अलीकडेच इंजिन जाम झाले. खोलून पाहतात तो चेंबर बसवताना फासलेले जास्तीचे सिलिकॉन सुटून जाळीवर बसलेले! जाळी साफ करणे एका दिवसाचे काम होते. त्याऐवजी क्रँक ग्राइंडिंगला गेला, बेरिंग पुन्हा नवी घ्यावी लागली आणि वाहतुकीचे तीन आठवडे बुडाले.

तपासणी या क्रमाने करा

१. इंजिन लगेच बंद करा. फिल्टर नवा आणि कोरडा असेल तर दिवा विझायला पाच-दहा सेकंद लागू शकतात. त्यापुढे वाट पाहू नका.

२. सपाट जागेवर दहा मिनिटे थांबून ऑईलची पट्टी पाहा. ऑईल कमी असेल तर गळती शोधा. जुन्या फिल्टरचा रबर तसाच चिकटून राहिला आणि त्यावर नवा बसला, तर तेथून ऑईल भळाभळा जाते. उलट पातळी वाढली असेल आणि डिझेलचा किंवा धुतलेल्या रॉकेलचा वास येत असेल, तर ऑईल पातळ झाले आहे. ते काढून टाका आणि डिझेल कोठून उतरते ते पाहा.

३. स्विचची वायर काढून मोकळी धरा आणि चावी फिरवा. दिवा तरीही लागला, तर जोडणीत वायर कोठेतरी दबून बॉडीला लागली आहे. दिवा गेला तर वायर ठीक, इतकेच ठरते. स्विच वाईट आहे, असे ठरत नाही. लोक फसतात ते इथेच.

४. स्विच काढून त्या जागी दाब दाखवणारे गेज लावा आणि इंजिन थोडा वेळच चालवा. गरम इंजिनला मंद चालीवर साधारण एक किलो आणि कामाच्या वेगावर दोन ते चार किलो दाब बहुतेक ठिकाणी मिळतो. पक्का आकडा कंपनीच्या पुस्तकात पाहावा. गेज बरोबर दाखवत असेल तरच स्विच बदला.

५. गेजच कमी दाखवत असेल, तर इंजिन पुन्हा चालवू नका. जाळी तुंबली का, सक्शन पाईपच्या पॅकिंगमधून हवा ओढली जाते का, रिलीफ व्हॉल्व्ह कचऱ्याने उघडा राहिला का, हे पाहा. त्यानंतर ऑईलच्या वाटेवरचा एखादा प्लग राहिला का, हेड गॅसकेट उलटे बसले का, बेरिंगचे भोक ब्लॉकच्या भोकासमोर आले का आणि बेरिंगचे माप क्रँकला जुळते का, ते तपासा. थंड असताना दाब चांगला आणि गरम झाल्यावर मंद चालीत दिवा मिचकावतो, तर पंप किंवा बेरिंग झिजल्याचा संशय घ्यावा. जाड ऑईल घालून तो झाकू नये.

आधीच घ्यायची काळजी

नवा फिल्टर उभा बसणारा असेल तर ऑईलने भरून मगच बसवा. स्टॉप ओढून धरून, दहा-दहा सेकंद, मध्ये दम घेत, सेल्फ मारा. दिवा विझला की मगच इंजिन चालू करा. पेट्रोलच्या जीप-मोटारीला हेच करताना आधी इग्निशन आणि पेट्रोल तोडावे.

असे गेज फार महाग नसते. दोन-चार वाहनधारकांनी मिळून एक घेऊन ठेवले तरी चालेल. कारखान्याला उसाची गरज आहे आणि तुम्हाला खेपेची घाई आहे, हे खरे. तरीपण गेजवर दाब दिसल्याशिवाय ट्रॉली जोडू नका.

— ऊस विकास अधिकारी