मॅडम, तुमचं सबमिशन कधी?

'कॉलेजात शिकवतेस? मग काय, मज्जाच! दिवसाला दोन लेक्चर्स, दिवाळीची सुट्टी आणि मे महिना मोकळा!'

माझ्या ताईला हे वाक्य आयटीतल्या प्रत्येक मित्राने एकदा तरी ऐकवलंय. खोटं कशाला बोलू, मीही ऐकवलंय. आपण इथे डेडलाइन्सच्या मागे धावायचं, अप्रेझलचं टेन्शन घ्यायचं... आणि ही म्हणे बिझी!

मग गेल्या नोव्हेंबरात माझ्या घरमालकांनी रंगकाम काढलं आणि मी आठ दिवस तिच्या वारज्याच्या फ्लॅटवर मुक्काम ठोकला. आठ दिवसांत माझं मत बदललं.

पहिलीच रात्र. साडेअकरा वाजलेले. भावोजी भाचीला झोपवता झोपवता स्वतःच झोपलेले. डायनिंग टेबलवर कागदांचे दोन गठ्ठे. डावीकडे थर्ड इयरच्या मुलांच्या प्रॅक्टिकलच्या फाइल्स, उजवीकडे ताईचे रिसर्च पेपर्स. एका फाइलवर लाल पेनाने 'सबमिशन लेट' असं लिहिलं आणि ती एकटीच हसायला लागली.

'काय झालं गं?'

'अगं, मी कोणाला लेट म्हणतेय! माझी स्वतःची पीएचडी २०१९ पासून चालू आहे.'

फक्त सोळा तास?

ताई पुण्याजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकवते आणि त्याच विषयात पार्टटाइम पीएचडी करते. हौस म्हणून? थोडीफार. पण बाकी सगळा नियमांचा मामला. एआयसीटीईच्या २०१०च्या नियमांपासून इंजिनिअरिंगला असिस्टंट प्रोफेसर व्हायचं तर मास्टर्स हवं आणि असोसिएट प्रोफेसर व्हायचं तर पीएचडी. म्हणजे पुढची पायरी चढायची असेल, तर शिकवता शिकवता शिकायचं!

'पण नियमाप्रमाणे तुला आठवड्याला सोळाच तास शिकवायचं असतं ना?' मी विचारलं.

तिने बोटं मोजायला सुरुवात केली. लेक्चरची तयारी वेगळी. एकच प्रॅक्टिकल प्रत्येक बॅचला नव्याने घ्यायचं. फाइल्स तपासायच्या. इन-सेमचे पेपर. फायनल इयरच्या प्रोजेक्टचे ग्रुप. नॅकची कागदपत्रं. कोणत्या प्रश्नातून मुलं नेमकं काय शिकली, याचे सीओ-पीओचे तक्ते. ॲडमिशनच्या दिवसांत काउंटरवर ड्युटी. आणि मे महिना? तेव्हा ओरल्स आणि पेपर तपासणी.

'शिकवणं ही तर त्यातली विश्रांती असते गं,' ती म्हणाली.

या सगळ्यातून उरलेला रविवार पीएचडीचा. त्यातलाही अर्धा भाचीचा.

विषय थांबत नाही!

वेळ कमी पडतो, हे आपल्या सगळ्यांचंच रडगाणं. पण ताईचं खरं दुखणं वेगळंच निघालं.

तिचा विषय मस्त आहे. मराठी वाक्य वाचून ते कौतुक आहे की तक्रार, हे कॉम्प्युटरने ओळखायचं. ऐकायला सोपं, पण मराठी कॉम्प्युटरला घाम फोडते. घर, घरात, घरातला, घरातल्यांना... आपल्या लेखी शब्द एकच, मशीनला मात्र ते वेगवेगळे वाटू शकतात. म्हणून २०१९ मध्ये तिने ठरवलं, हजारो मराठी वाक्यं जमवायची आणि प्रत्येकावर हाताने शिक्का मारायचा: चांगलं, वाईट की मधलं. रविवारमागून रविवार ती तेच करत बसली.

आणि २०२१ मध्ये पुण्यातल्याच एल-थ्री-क्यूब या गटाने सुमारे सोळा हजार मराठी ट्वीट्सचा तसाच संग्रह जाहीर केला. सगळ्यांसाठी खुला!

'मराठीसाठी किती चांगली गोष्ट! मला आनंदच व्हायला हवा होता,' ताई म्हणाली. 'मी बाथरूममध्ये जाऊन रडले.'

त्यातून सावरते तोच नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आलं. लॅबमध्ये एका मुलाने अगदी निरागसपणे विचारलं, 'मॅडम, तुमचं रिसर्चचं काम आता हेच करेल ना?' सगळी बॅच हसली. मॅडमही हसल्या. घरी येऊन मॅडमनी रजिस्ट्रेशन रद्द करायचा अर्ज टाइप केला.

कॉम्प्युटर सायन्समध्ये पार्टटाइम शिकण्याची गोम ही आहे. तुम्ही रविवारी अभ्यास करता, पण विषय सोमवार ते शनिवारही पळतच असतो. आज ज्या चॅटबॉट्सचा गाजावाजा आहे, त्यांच्या मुळाशी असलेली ट्रान्सफॉर्मरची कल्पना २०१७ची, बर्ट हे मॉडेल २०१८चं. ताईचा पहिला आराखडा मंजूर होईपर्यंत त्यातली साधनं जुनी झालेली!

वर्गाने वाचवलं

अर्ज द्यायच्या आधी ती एकदा गाइडना भेटली. ते म्हणाले, 'मॅडम, पळणाऱ्यांशी शर्यत लावूच नका. तुम्हाला रोज दिसतं आणि त्यांना दिसत नाही, असं काही आहे का बघा.'

तिला रोज काय दिसत होतं? चुका! इतकी वर्षं पेपर तपासून एक नजर तयार होते. उत्तर चुकलंय हे कुणीही सांगेल, पण विचार नेमका कुठे घसरला, हे मास्तरच ओळखतो. मग तिने मशीनचीच परीक्षा घ्यायचं ठरवलं. 'वा! फक्त दोनच तास उशीर!' हे कौतुक की तक्रार? 'वाईट नाही' म्हणजे चांगलं का? 'आवडलं नाही असं नाही' याचं काय? एखादा शब्द, एखादा प्रत्यय बदलायचा आणि मशीन कुठे फसतं ते टिपायचं. चुकांचे प्रकार पाडायचे.

यासाठी सोळा हजार वाक्यं लागत नाहीत, महागडी मशीन्सही लागत नाहीत. मराठीचा कान आणि मास्तरांचा लाल पेन पुरतो.

'आणि उद्या अजून नवं मॉडेल आलं तर?' मी विचारलं.

'येऊ दे की! त्यालाही पेपर देते.'

टेबलवरचे ते दोन गठ्ठे वेगळे नव्हतेच, हे तिला कळायला तीन वर्षं लागली. आता उलटाही फायदा होतो. तिचा एक पेपर दोनदा परत आला, तोही दोन कोरड्या ओळींच्या शेऱ्यासकट. तेव्हापासून ती मुलांच्या फाइलवर नुसतं 'चूक' लिहीत नाही. काय सुधारायचं, त्याची एक ओळ खाली असतेच.

म्हणजे हॅपी एंडिंग? इतकं सोपं नाही हो! भाचीच्या पहिल्या गॅदरिंगला ताई पोचली तेव्हा नाच संपला होता. मान धरते. प्रमोशन अडलेलंच आहे. सहा वर्षांची मुदत संपून जादाची दोन वर्षं सुरू झाली आहेत. 'बॅलन्स वगैरे काही नसतं गं,' ती म्हणाली. 'दर आठवड्याला काहीतरी पडतंच. फक्त दर वेळी तेच पडू द्यायचं नाही.'

तुम्हालाही शिकायचंय?

नोकरी सांभाळून शिकायचा किडा तुमच्याही डोक्यात वळवळत असेल, तर ताईच्या वहीतल्या या चार गोष्टी.

* आधी ऑफिसची एनओसी. यूजीसीच्या २०२२च्या नियमांत पार्टटाइम पीएचडीला परवानगी आहे. पण संशोधनाला पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी मोकळं करू, असं तुमच्या संस्थेने लिहून द्यावं लागतं. ते नुसतं कागदावर नको, बॉसशी बोलून घ्या.
* कॅलेंडर बघा. किमान तीन वर्षं, कमाल सहा. पुढे दोन वर्षांची मुदतवाढ मिळू शकते, महिलांना त्यावर आणखी दोन वर्षांची सवलत आहे.
* आधी ट्रायल घ्या. एनपीटेलचे ऑनलाइन कोर्स मोफत शिकता येतात, फी फक्त परीक्षेची. बारा आठवड्यांचा एक कोर्स निवडा. सगळ्या असाइनमेंट्स वेळेत गेल्या, तरच पुढचा विचार!
* विषय रोजच्या कामातून शोधा. टेस्टिंग करता? बँकेत आहात? तुम्हाला दिसणाऱ्या चुका बाहेरच्याला दिसत नाहीत.

निघायच्या दिवशी पहाटे साडेपाचला मला जाग आली. ताई टेबलवर होती. सकाळचा हा दीड तास थिसिसचा, त्यात मोबाइल दुसऱ्या खोलीत. सात वाजता तिने तो हातात घेतला. रात्री कुणा विद्यार्थ्याचा मेसेज आला होता, 'मॅडम, फाइल उद्या दिली तर चालेल का?'

तिने लिहिलं, 'चालेल. पण उद्या नक्की.'

मग लॅपटॉपकडे बघून म्हणाली, 'मलाही कुणीतरी असंच म्हणायला हवं ना!'

मी म्हटलं, 'चालेल ताई. पण यंदा नक्की.'