आल्प्सपलीकडची घंटा

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, एअर परगण्यात, आगगाडीचे रूळ आणि समुद्र यांच्या बेचक्यात सापडलेल्या चिंचोळ्या वालुकामय भूमीवर प्रेस्टविक गोल्फ क्लब वसलेला आहे. संपादकांनी त्याचा इतिहास मागितला, आणि इतिहास दप्तरात मुबलक आहे: १८५१ साली 'रेड लायन' नामक सराईत क्लबाची स्थापना झाली, १७ ऑक्टोबर १८६० रोजी आठ धंदेवाईक खेळाडूंत पहिली ओपन स्पर्धा येथेच झाली, आणि १९२५ पर्यंत ती येथे २४ वेळा भरली. परंतु माझे मन या सनावळीत फार वेळ रमले नाही. ते गुंतले टॉम मॉरिस या कारागिरात.

टॉम मूळचा सेंट अँड्र्यूजचा, पिसे ठासून भरलेले चामडी चेंडू बनविणाऱ्या ॲलन रॉबर्टसनच्या हाताखाली तयार झालेला. गट्टापर्चाचा स्वस्त व टिकाऊ चेंडू बाजारात आला, टॉम त्याने खेळला, आणि गुरूच्या पोटावर येऊ पाहणाऱ्या त्या चेंडूपायी उभयतांत वितुष्ट आले. अशा वेळी प्रेस्टविककरांनी त्याला मैदानाचा राखणदार नेमले. हाती जागा जेमतेम, माती हलविण्यास फावडे आणि ढकलगाडी. तेव्हा त्याने भूमीला आपल्या मनासारखी करण्याचा हट्ट न धरता, तिच्या प्रत्येक उंचवट्याचा मान राखून, बारा होल इतक्या दाटीने बसविले की खेळाडूंच्या वाटा एकमेकींना छेदून जात.

त्यांतील दुसरा होल, 'आल्प्स', होलांची संख्या पुढे वाढल्याने आज सतरावा म्हणून खेळला जातो. दुसऱ्या फटक्यास उभे राहावे तो समोर गवताने माखलेले टेकाड आणि वर आकाश, याखेरीज काही दिसत नाही. टेकाडापलीकडे 'सहारा' नावाचा प्रचंड वाळूचा बंकर, त्याच्याही पलीकडे ग्रीन, आणि कॅडी बोट दाखवील त्या रोखाने चेंडू अदृश्यात भिरकावयाचा. पुढची मंडळी खेळ आटोपून ग्रीनवरून निघाली की तेथली घंटा वाजवितात, आणि मग मागच्यांनी फटका मारावयाचा. न दिसणाऱ्या माणसाच्या इमानावर दुसऱ्याचा जीव सोपविणारी ही व्यवस्था मला त्या खेळातील कोणत्याही चषकाहून थोर वाटते.

टॉमचा मुलगा, तोही टॉमच, याच टेकाडांत वाढला. पहिल्या स्पर्धेपासून बक्षीस होते लाल मोरोक्को चामड्याचा, चांदीने मढविलेला पट्टा, आणि नियम असा मुक्रर केला होता की लागोपाठ तीनदा जिंकणाऱ्यास तो कायमचा मिळावा. १८७० साली ५७८ यार्डांचा पहिला होल अवघ्या तीन फटक्यांत पुरा करून या कोवळ्या पोराने आपला तिसरा विजय साधला आणि पट्टा घरी नेला. बक्षीसच उरले नाही म्हणून १८७१ साली स्पर्धा झाली नाही. पुढे नव्या चषकासाठी आणखी दोन क्लब भागीदार झाले आणि प्रेस्टविकची मक्तेदारी संपली. मुलगा १८७५ च्या नाताळच्या दिवशी, चोविसाव्या वर्षी वारला.

खरे संकट मात्र प्रेक्षकांच्या रूपाने आले. १९२५ साली, मूळचा कार्नूस्टीचा पण अमेरिकेत गेलेला मॅक्डोनल्ड स्मिथ अखेरच्या फेरीस पाच फटक्यांची आघाडी घेऊन निघाला, आणि आपला माणूस जिंकताना पाहावा म्हणून लोटलेल्या गर्दीने त्याला असे वेढले की धड फटका मारावयास वाट मिळेना. प्रेम करणाऱ्यांनीच त्याचा घात केला. त्याला ८२ फटके लागले, जिम बार्न्स जिंकला, आणि ओपन स्पर्धा प्रेस्टविकला पुन्हा आली नाही. टॉमने जपलेले उंचवटे आणि अरुंद वाटा शेकडोंना पुरत होत्या, हजारोंना नव्हे. टेकाडे सपाट केली असती तर कदाचित जागा झाली असती. क्लबाने ती राखली, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. पण काळजीही वाटते, कारण आताचे चेंडू आणि काठ्या टॉमच्या अंदाजाच्या कितीतरी पलीकडे जातात, आणि होल लांबवावे म्हटले तर एका बाजूस रूळ आहेत व दुसऱ्या बाजूस समुद्र.