चोच मोठी कशी झाली? डार्विनच्या फिंच पक्ष्यांची गोष्ट

“पक्ष्याला टणक बी फोडायचे होते, म्हणून त्याची चोच मोठी झाली,” असे अनेक मुले सांगतात. मोठ्यांचाही तसाच समज असतो. तो का चुकीचा आहे, हे एका लहानशा बेटावर प्रत्यक्ष मोजून पाहिले गेले आहे.

इक्वेडोरच्या किनाऱ्यापासून सुमारे १,००० किलोमीटरवर, पॅसिफिक महासागरात गालापागोस बेटे आहेत. चार्ल्स डार्विन १८३५ मध्ये तेथे गेले. त्यांनी आणलेले निरनिराळ्या चोचींचे पक्षी एकाच गोतावळ्यातले आहेत, हे लंडनमध्ये जॉन गूल्ड यांनी ओळखले.

पीटर व रोझमेरी ग्रँट या दांपत्याने १९७३ पासून तेथील डॅफ्ने मेजर बेटावर फिंच पक्ष्यांच्या पायात कडी घालून त्यांच्या चोची मोजायला सुरुवात केली. १९७७ मध्ये पाऊस जवळजवळ पडलाच नाही. बारीक, मऊ बिया संपल्या. उरली ती मुख्यतः आपल्या सराट्याच्याच कुळातील एका वनस्पतीची काटेरी, टणक फळे. मध्यम आकाराच्या भू-फिंचांपैकी बहुतांश मेले. वाचलेल्यांत जाड चोचीचे अधिक होते, कारण ती फळे त्यांनाच फोडता येत.

दुष्काळात कोणाचीही चोच वाढली नव्हती. लहान-मोठ्या चोची आधीपासूनच होत्या. दुष्काळाने त्यांतून निवड केली. चोचीची ठेवण आईबापांकडून पिलांकडे येते, म्हणून पुढच्या पिढीची सरासरी चोच जाड निघाली. फरक एक मिलिमीटरहूनही कमी, पण मोजता येण्याजोगा. हीच नैसर्गिक निवड.

१९८३ मध्ये एल निनोमुळे धो धो पाऊस झाला, बारीक बियांचा सुकाळ झाला आणि पुढील काही वर्षांत पारडे लहान चोचींकडे झुकले. म्हणजे निवडीला ठरलेली दिशा नसते.

मग नवी जाती कशी होते? काही पक्षी दुसऱ्या बेटावर पोचतात. तेथील अन्न वेगळे, म्हणून निवडही वेगळी. समुद्र आड असल्याने मूळच्या थव्याशी फारसा संकर होत नाही. नर पिल्लू बापाचे गाणे शिकते, मादी गाणे व रूप पाहून जोडीदार निवडते. हजारो पिढ्यांनंतर दोन्ही थवे समोरासमोर आले, तरी सहसा जोडी जमत नाही. एका पूर्वजापासून डझनाहून अधिक जाती अशाच झाल्या.

एनसीईआरटीच्या दहावीच्या विज्ञान पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला आहे. पुढे जीवशास्त्र न घेणाऱ्या मुलांना ही गोष्ट आता घरीच सांगायला हवी.