बाहेरचें ग्राफिक्स कार्ड आणि घरांतला टेलिव्हिजन

शहरांतील पुष्कळ घरांत आज एक प्रसंग वारंवार घडतो. मुलाच्या कॉलेजसाठीं घेतलेला पातळ, हलका लॅपटॉप घरांत असतो आणि दिवाणखान्यांत पंचावन्न इंची टेलिव्हिजन असतो. सुटीच्या दिवशीं मुलगा एका तारेनें दोन्ही जोडतो आणि मोटारींच्या शर्यतीचा एखादा खेळ सुरू करतो. चित्र भलें मोठें उमटतें. पण मोटार धांवण्याऐवजीं ठेंचकाळत चालते, लॅपटॉपचा पंखा घोंघावूं लागतो आणि दहा मिनिटांत त्याच्या पाठीवर हात ठेववत नाहीं. वडील टेलिव्हिजनला दोष देतात, मुलगा लॅपटॉपला. खेळासाठीं नवा लॅपटॉप घ्यावयाचा तर मोठा खर्च. अशा वेळीं कोणी तरी सुचवितो कीं, ग्राफिक्स कार्ड बाहेरून जोडा. सूचना खोटी नाहीं. पण तींत पैसा वांचण्याइतकाच तो बुडण्याचाहि संभव आहे. म्हणून ही जोडणी कशी चालते आणि कोठें अडते, हें आधीं पाहून घेणें बरें.

बातम्या किंवा चित्रपट पाहतांना चित्रें आधींच तयार झालेलीं असतात. यंत्रानें तीं उलगडून दाखविलीं कीं काम झालें. खेळाची गोष्ट निराळी. खेळणाऱ्यानें मोटार डावीकडे वळविली कीं रस्ता, झाडें, सावल्या, कांचेवरची उन्हाची तिरीप हें सर्व त्या क्षणीं नव्यानें काढावें लागतें. कारण तो कोणीकडे वळणार, हें आधीं कोणासच ठाऊक नसतें. फोर-के म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६० ह्या हिशेबानें ८२,९४,४०० ठिपके असतात. सेकंदास साठ चित्रें काढावयाचीं म्हटलीं, तर दर सेकंदाला जवळजवळ पन्नास कोटी ठिपक्यांचा रंग ठरवावा लागतो. संगणकाचा मुख्य प्रोसेसर हा हुषार कारागीर आहे. अवघड कामें एकामागून एक झपाट्यानें उरकील, पण त्याचे हात थोडे. मोठ्या अंगणांत ठिपक्यांची रांगोळी घालावयाची असेल, तर एका निष्णात बाईपेक्षां साध्या हाताच्या हजार मुली अधिक उपयोगीं पडतात. ग्राफिक्स कार्ड म्हणजे ह्या हजार मुली. पातळ लॅपटॉपांतहि अशा मुली असतात. परंतु त्या मोजक्या, आणि त्यांना प्रोसेसरच्याच ताटांत जेवावें लागतें, म्हणजे त्याचीच वीज व त्याचीच स्मृति वापरावी लागते.

मोठें कार्ड पातळ लॅपटॉपांतच कां बसवीत नाहींत, ह्याचें उत्तर उष्णतेंत आहे. खेळाच्या कामाचीं चांगलीं कार्डें दोनशें-तीनशें वॅट वीज सहज घेतात, आणि ती सारी अखेर उष्णता होऊन बाहेर पडते. बोटभर जाडीच्या यंत्राला ती सोसणें अशक्य. तेव्हां कार्ड निराळ्या डब्यांत घालावें, त्याला स्वतःचा वीजपुरवठा व पंखे द्यावे आणि लॅपटॉपशीं एका तारेनें जोडावें, ही कल्पना निघाली. २००८ सालीं फुजित्सू-सीमेन्सच्या एका लहान लॅपटॉपबरोबर एएमडी कंपनीच्या तंत्रानें बनविलेला असा बाहेरचा डबा आला होता. पण त्याची जोडणी खास धाटणीची असल्यामुळें तो सर्वांच्या उपयोगीं पडला नाहीं. २०१५ सालीं इंटेलचा थंडरबोल्ट ३ आला आणि लहानशा यूएसबी-सी भोंकांतूनच ही वाहतूक होऊं लागली, तेव्हां कोठें कोणताहि डबा, कोणतेंहि कार्ड आणि कोणताहि लॅपटॉप एकत्र नांदण्याची शक्यता निर्माण झाली.

शक्यताच म्हणावयाची, कारण सारें कांहीं त्या तारेच्या रुंदीवर अवलंबून असतें. मेजावरच्या मोठ्या संगणकांत कार्ड सोळा पदरी मार्गावर बसतें. पीसीआय एक्स्प्रेस ह्या मार्गाच्या तिसऱ्या पिढींत त्यावरून एका दिशेस सेकंदाला पावणेसोळा गिगाबाइट माहिती जाऊं शकते, चौथ्या पिढींत त्याच्या दुप्पट. थंडरबोल्ट ३ व ४ मध्यें कार्डाच्या वांट्यास तिसऱ्या पिढीचे चारच पदर येतात. म्हणजे फार तर चार गिगाबाइट, आणि वाटखर्च वजा जातां त्याहूनहि कमी. डब्याच्या खोक्यावर ४० हा आंकडा ठळक छापलेला असतो खरा, पण तो गिगाबिटांचा असतो. आठ बिटांचा एक बाइट होतो, ही गोष्ट खोक्यावर कोणी लिहीत नाहीं. २०२३ मध्यें जाहीर झालेल्या थंडरबोल्ट ५ नें हा मार्ग दुप्पट केला आहे. परंतु तो ज्यांत आहे असे लॅपटॉप महाग, आणि बहुधा त्यांत चांगलें कार्ड आधींच असतें. ज्याला गरज त्याला मार्ग नाहीं, असा हा उफराटा न्याय आहे.

पैसा बुडतो तो येथेंच. यूएसबी-सीचें भोंक वरून पाहतां सर्वत्र सारखें दिसतें. कोणतें केवळ बॅटरी भरण्याचें, कोणतें साध्या माहितीचें आणि कोणतें थंडरबोल्टचें, हें डोळ्यांना कळत नाहीं. शेजारीं वीज चमकल्याची बाणाकृति खूण असेल तर बहुधा थंडरबोल्ट समजावा. यूएसबी-४ असें लिहिलें असेल तरीहि निश्चिंत होऊं नये; कारण त्या नियमांत कार्डाची वाहतूक लॅपटॉप बनविणाऱ्याच्या मर्जीवर ठेविलेली आहे. लॅपटॉपच्या नेमक्या नमुन्याचें माहितीपत्रक वाचणें हाच खात्रीचा उपाय. अॅपलचे २०२० नंतरचे स्वतःच्या चिपचे मॅक ज्यांच्या घरीं आहेत, त्यांनीं खेळासाठीं हा विचारच सोडावा. इंटेलच्या जुन्या मॅकना अॅपलनें २०१८ मध्यें दिलेली ही सोय नव्यांत पुढें चालू ठेविली नाहीं.

आतां टेलिव्हिजनचा संबंध. कार्डानें काढलेलें चित्र दोन वाटांनीं पाहतां येतें. एक, तें त्याच तारेनें लॅपटॉपकडे परत आणून त्याच्या पडद्यावर. दुसरी, कार्डाच्या पाठीवरील एचडीएमआय भोंकांतून थेट टेलिव्हिजनवर. फोर-के चित्रें सेकंदास साठ ह्या वेगानें परत आणावयाचीं, तर सुमारें बाराशें कोटी बिट दर सेकंदाला त्या अरुंद वाटेनें माघारीं यावे लागतात. परतीची बाजू निराळी असली तरी हें नक्कल करण्याचें आणि वाहण्याचें काम फुकट होत नाहीं. वेग घटतो आणि उशीर वाढतो. ह्यास्तव टेलिव्हिजनची तार लॅपटॉपला न लावतां कार्डालाच लावावी. ही एक गोष्ट चुकली म्हणजे सर्व खर्च करूनहि खेळ ठेंचकाळतो, आणि दोष नाहक डब्यावर येतो.

ह्यांतच आणखी एक गंमत आहे. चित्र जितकें मोठें, तितका अरुंद वाटेचा जाच कमी वाटतो. प्रत्येक चित्रासाठीं प्रोसेसरकडून कार्डाला जाणाऱ्या सूचना ठिपक्यांच्या प्रमाणांत वाढत नाहींत. रंग भरण्याचें काम मात्र वाढतें. लहान पडद्यावर सेकंदास दीडशें चित्रें काढतांना सूचनांची गर्दी होऊन वाट तुंबते. फोर-के पडद्यावर साठ चित्रें काढतांना कार्ड स्वतःच इतकें गुंतलेलें असतें कीं वाटेवरची खोळंब त्यामानानें कमी जाणवते. म्हणून बाहेरच्या कार्डाला मोठा टेलिव्हिजन हा सोयीचा सोबती आहे.

सोबती सोयीचा असला तरी त्याला थोडें वळण लावावें लागतें. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजीं सुरू झालें, त्या काळच्या नळीच्या संचांत चित्राच्या कडा नीट उमटत नसत; म्हणून चित्र किंचित् फुगवून कडा चौकटीबाहेर ढकलण्याची रीत होती. नळ्या गेल्या, पण रीत कित्येक सपाट संचांत अजून टिकून आहे, आणि तिच्यामुळें खेळाच्या कोपऱ्यांतले आंकडे कापले जातात. संचाच्या चित्रविषयक यादींत ती बंद करतां येते. त्याहून महत्त्वाचें म्हणजे गेम मोड. टेलिव्हिजन आलेल्या चित्रावर गुळगुळीतपणाचे व रंगांचे संस्कार करीत बसतो. चित्रपटाला त्यानें बाधा येत नाहीं; खेळांत मात्र बोट दाबल्यावर मोटार उशिरानें वळते. साठांच्या वेगांत एक चित्र सुमारें १७ सहस्रांश सेकंदच टिकतें, आणि कांहीं संचांत ह्या संस्कारांचा उशीर शंभर सहस्रांशांवरहि जातो. गेम मोड लावला कीं हे संस्कार आवरले जातात. सेकंदास एकशें वीस फोर-के चित्रें हवीं असल्यास कार्ड, तार आणि संच तिन्हीं एचडीएमआय २.१ च्या जातीचीं लागतात. संचाला चार भोंकें असलीं तरी ही सोय पुष्कळदां एकदोन भोंकांपुरतीच असते.

प्रत्यक्ष जोडणी अवघड नाहीं. कार्ड डब्यांत घट्ट बसवून त्याच्या विजेच्या तारा लावाव्या. मात्र त्याची लांबी व जाडी डब्यांत मावते कीं नाहीं हें आधीं मोजावें. मग थंडरबोल्टची तार लावून लॅपटॉपवर जोडणीस परवानगी द्यावी, एनव्हिडिया किंवा एएमडी, ज्याचें कार्ड असेल त्याचें ड्रायव्हर चढवावें आणि विंडोजमध्यें फक्त दुसरा पडदा चालू ठेवावा. पूर्ण वेगाची साधी तार पाऊण मीटरच्या आसपासच असते. म्हणून लॅपटॉप व डबा टेलिव्हिजनपाशीं आणि खेळणारा बिनतारी गेमपॅड घेऊन सोफ्यावर, अशी मांडणी करावी. कांचेच्या बंद शोकेसमध्यें डबा कधींहि ठेवूं नये. वैशाखांत तर नाहींच. खेळ चालू असतां तार ओढूं नये.

विजेचा एक प्रकार आपल्याकडे विशेष जाणवतो. वीज क्षणभर गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर जिवंत राहतो. डब्याला बॅटरी नसते, त्यामुळें कार्ड चालत्या खेळांतून एकाएकीं नाहींसें होतें आणि बहुधा संगणकच थिजतो. दिवे-पंख्यांपुरता घेतलेला घरचा इन्व्हर्टर हा भार पेलीलच असें नाहीं. जेथें वीज वरचेवर जाते, तेथें डब्यासाठीं पुरेशा शक्तीचा यूपीएस आणि अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट हे खर्चांत धरलेच पाहिजेत.

लॅपटॉप अलीकडचा, प्रोसेसर दमदार आणि भोंक योग्य असेल, दिवसा त्याच यंत्रावर अभ्यास किंवा कचेरीचें काम चालत असेल, तर हा खर्च सार्थकीं लागतो; पुढें कार्ड जुनें झालें तर तेवढेंच बदलतां येतें. प्रोसेसर जुना असेल तर कारागीरच थकलेला, आणि हजार मुली सूचनांची वाट पाहत रिकाम्या बसतात. ज्या घरीं केवळ खेळावयाचेंच आहे, तेथें डबा, कार्ड व तार ह्यांची बेरीज मांडून तिच्याशेजारीं प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सची किंमत लिहून पाहावी. पुष्कळदां पारडें तिकडेच झुकतें. बेरजेनंतरहि डबाच घ्यावयाचा ठरला, तर दुकानांत जातांना घरचा लॅपटॉप बरोबर न्यावा, आणि त्याच लॅपटॉपवर, त्याच भोंकांतून, दुकानांतल्या एखाद्या टेलिव्हिजनवर खेळ चालवून दाखविल्याखेरीज पैसे मोजूं नयेत.